बुडबुडा कुठे आहे?

तेलंगणातली कडेम नदी बाजारहत्नूरच्या परिसरात उगम पावते, गिरनूरजवळ कनकाईच्या धबधब्यातून उतरते, कुंटाल्याला सुमारे 45 मीटर खाली कोसळते आणि पुढे गोदावरीला मिळते. या टापूतली तळी, बंधारे आणि उन्हाळ्यात उरणारे डोह मरळीला मानवणारे आहेत. तेलुगूत कोर्रमीनू म्हटली जाणारी ही मरळ तेलंगणाचा राज्यमासा आहे. ती हवेतूनही श्वास घेते, त्यासाठी वर येते आणि पाण्यावर हलणाऱ्या बेडकावर किंवा लहान माशावर झडप घालते. तिच्यासाठी गळाला जिवंत बेडूक टोचण्याऐवजी मऊ प्लास्टिकचा बेडूक, गांडूळ किंवा रुंद शेपटीचा मासा लावण्याची हौस आता सगळीकडे वाढते आहे. विकतचे आमिष मरळीच्या दातांत सापडले की फाटते आणि नवे लावावे लागते. मग कधीतरी वाटते, साचा आणि प्लास्टिक मिळते तर घरीच का ओतू नये? ओतता येते. फक्त पहिल्याच घाण्यात अडचणी समोर उभ्या राहतात: अंगभर बुडबुडे, पाठीवर खळगा, अर्धीच भरलेली शेपूट, पिवळट रंग, हाताला चिकटणारा पृष्ठभाग.

अशा वेळी नवख्याला प्रत्येक दोषावर एकच उपाय सुचतो, तो म्हणजे माल अजून थोडा तापवणे. बुडबुडे आले, तापवा. शेपूट भरली नाही, तापवा. चिकट झाले, तापवा. कधी तो लागूही पडतो आणि म्हणूनच सवय जडते. पण दोषाच्या रूपावरून औषध ठरवण्याची ही पद्धत मुळातच फसवी आहे, असे माझे म्हणणे आहे. दिसायला सारखाच बुडबुडा चार वेगळ्या कारणांनी होतो, आणि एका कारणावरचा इलाज दुसऱ्या कारणाला वाढवतो. खरी साक्ष दोन प्रश्नांतून मिळते. दोष आमिषाच्या कोणत्या जागी आहे? आणि तो एका बैठकीत ओतलेल्या नगांपैकी कितव्या नगात आला? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की दोष मालात आहे, साच्यात आहे की ओतणाऱ्या हातात, हे बहुतेक वेळा कळते. आणि ते कळेपर्यंत चूल वाढवण्यात अर्थ नसतो.

आधी मालाची ओळख करून घेऊ. या आमिषांसाठी वापरतात तो पांढरा, दुधाळ द्रव म्हणजे प्लास्टिसॉल. टी-शर्टवरच्या छपाईची जाड शाई किंवा पक्कडीच्या मुठीवरचे रबरी वाटणारे आवरण पुष्कळदा याच जातीच्या पदार्थाचे असते. त्यात पीव्हीसीचे अतिशय बारीक कण एका तेलकट द्रवात तरंगत असतात. हा द्रव प्लास्टिकला मऊपणा देतो, म्हणून त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. पीव्हीसी मूळचे कडक आणि ठिसूळ. अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीत काम करणाऱ्या वॉल्डो सेमन यांनी 1926 मध्ये ते लवचिक करण्याची रीत शोधली. ओहायोतल्या ॲक्रन गावी निक क्रीम यांनी 1949 च्या सुमारास घरच्या स्वयंपाकघरात त्याच पदार्थाचे गांडूळ ओतले आणि मऊ प्लास्टिकच्या आमिषांचा धंदा तिथून पसरला. प्लास्टिसॉल तापू लागले की कण तेल शोषून फुगतात, सगळा माल गुठळ्या झालेल्या पिठल्यासारखा होतो, नवखा घाबरतो. आणखी उष्णता मिळाली की गुठळ्या विरघळतात आणि साधारण 175 अंश सेल्सियसच्या आसपास माल पारदर्शक, वाहता होतो. ओतायचे ते इथे. त्याच्या आधी ओतलेला नग दिसायला धुरकट, हाताला चिकट आणि ओढताच तुटणारा निघतो, कारण कण आणि तेल अजून एकजीव झालेले नसतात. त्याच्या फार पुढे, 200 अंशांकडे गेले, की पीव्हीसी मोडू लागते, हायड्रोजन क्लोराईडचा डोळ्यांना झोंबणारा वायू सुटतो आणि रंग पिवळ्याकडून तपकिरीकडे सरकतो. म्हणजे कामाचा पट्टा अरुंद आहे. ‘अजून तापवा’ हा सल्ला या पट्ट्याच्या खालच्या कडेला खरा आणि वरच्या कडेला घातक.

आता बुडबुड्याकडे वळू, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याविषयीच आहेत. नग मधोमध कापून पाहिला आणि बारीक बुडबुडे सगळीकडे सारखे विखुरलेले दिसले, तर हवा मालातच होती. बाटलीत पीव्हीसीचे कण तळाशी बसतात, म्हणून वापरण्याआधी ती जोरात हलवावी लागते. त्या हलवण्यात हवा मिसळते. रंग आणि चमकी फेटून घातली की आणखी मिसळते. असा माल लगेच तापवला तर तो घट्ट होण्याच्या टप्प्यात ती हवा आतच अडकते. इथे उष्णता वाढवून उपयोग नाही. थंड माल हलवल्यावर काही तास, शक्य तर रात्रभर, झाकून ठेवला की बरीचशी हवा वर येऊन निघून जाते. ज्यांच्याकडे हवा ओढणारा पंप आहे ते हेच काम काही मिनिटांत करतात. बुडबुडे आत नसून फक्त कातडीवर, म्हणजे साच्याला टेकलेल्या बाजूवर बारीक खड्ड्यांसारखे असतील, तर दोषी साचा आहे आणि जवळजवळ नेहमी त्याच्यातले पाणी. दर नगात नेमक्या त्याच जागी, शेपटीच्या टोकाला किंवा पायाच्या कोपऱ्यात, एकच मोठा बुडबुडा येत असेल तर तिथून हवेला बाहेर जायला वाट नाही. साच्याच्या सांध्यावर पातळशी चीर कोरली की तो जातो. आणि चौथा प्रकार मजेशीर आहे. सर्वांत जाड भागाच्या आत एखादी पोकळी असते, कातडी मात्र गुळगुळीत. ती हवा नव्हेच. बाहेरची कातडी आधी गोठली, आतला माल नंतर आकसला आणि मध्ये रिकामी जागा उरली. हिच्यावर जो माल जास्त तापवील त्याची पोकळी मोठीच होईल, कारण जितका तापलेला माल तितके त्याचे आकसणे जास्त.

चार बुडबुडे, चार कारणे, आणि त्यांच्यातला फरक फक्त जागेने कळतो. यावर कुणी म्हणेल, ही हौशी मंडळींची छाननी झाली, असल्या सूक्ष्म भेदांची गरज काय. उत्तर शोधायला परदेशी कारखान्यात जावे लागत नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यात, 2016 च्या फेररचनेनंतर कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलेल्या उशेगाव आणि केसलागुडा या गावांत, ओझा किंवा वोज समाजाचे कारागीर मेणाच्या साच्यातून पितळ ओतत आले आहेत. गोंडांच्या देवांच्या मूर्ती, घंटा, दागिने ही त्यांची कामे. ‘आदिलाबाद डोकरा’ या नावाने या कलेला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मातीच्या गाभ्यावर मेणाचे धागे गुंडाळून आकार आणि नक्षी उभी करायची, वर मातीचे थर द्यायचे, भाजायचे, मेण वितळून निघाले की त्या पोकळीत पितळ ओतायचे आणि थंड झाल्यावर माती फोडायची. ही रीत फार जुनी आहे: मोहेंजोदडोची नर्तकी याच पद्धतीने ओतलेली आहे. योगायोग असा की ती सापडली तेही 1926 सालीच, ज्या वर्षी सेमन यांनी पीव्हीसी मऊ केले.

डोकरा ओतणाऱ्याच्या कामाचा क्रम पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते. प्रत्यक्ष ओतणे हा त्यातला सर्वांत छोटा भाग आहे. माती मळणे, पहिला थर अगदी बारीक मातीचा देणे म्हणजे मेणावरची रेघ न रेघ उमटेल, वरचे थर भरड आणि सच्छिद्र ठेवणे म्हणजे वायू बाहेर जाईल, वाळवणे, भाजणे, हे सगळे आधीचे. पितळ साच्यात उतरते तेव्हा साचा स्वतःही तापलेला असतो. या काळजीचे कारण कठोर आहे: त्याचा साचा एकदाच वापरायचा असतो. मूर्ती बिघडली तर साचाही फुटलेला असतो आणि मेणावरचे सगळे काम वाया गेलेले असते. म्हणून दोष येऊच नये याची तजवीज आधी करावी लागते. घरी आमिष ओतणाऱ्याला मात्र तोच साचा पन्नासदा वापरता येतो आणि ही चैन त्याला आळशी करते. पण याच चैनीत त्याचा फायदाही दडला आहे. एकाच साच्यातून एकामागून एक निघणारे नग ओळीने ठेवले तर दोष कधी सुरू झाला आणि कधी थांबला, हे डोळ्यांसमोर मांडून मिळते. असा पुरावा डोकरा कारागिराला एका मूर्तीतून कधीच मिळत नाही.

पितळ आणि प्लास्टिक यांची तुलना ओढूनताणून आणलेली आहे, असाही आक्षेप येईल. फरक मोठा आहे, हे मान्यच. वितळलेले पितळ 900 अंशांच्या वर असते आणि पातळ वाहते. प्लास्टिसॉल 175 अंशांना असते आणि घट्ट वाहते. पण हा फरक माझ्या बाजूने पडतो. घट्ट द्रवातून बुडबुडा सावकाश वर चढतो, म्हणजे हवेच्या बाबतीत प्लास्टिक ओतणाऱ्याने पितळ ओतणाऱ्यापेक्षा जास्तच सावध असायला हवे. आणि अती तापवण्याचे संकट दोघांनाही आहे. पितळातले जस्त 907 अंशांना उकळते. भट्टी हाताबाहेर गेली की जस्ताचा पांढरा धूर निघतो, मिश्रधातूतले जस्त कमी होते आणि ओतीव काम बिघडते. प्लास्टिकमध्ये जस्ताच्या जागी हायड्रोजन क्लोराईड निघतो, एवढेच. दोन्हीकडे अरुंद पट्टा, दोन्हीकडे पाण्याचे वैर, दोन्हीकडे आकसणे.

पाण्याबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण घरगुती साच्यांची खरी दुखरी जागा तीच आहे. स्वस्तात साचा करायचा तर लोक प्लास्टर ऑफ पॅरिस वापरतात. विकतच्या बेडकाभोवती किंवा मातीच्या नमुन्याभोवती ते ओतायचे, घट्ट झाले की नमुना काढायचा, दोन दिवस उन्हात ठेवायचे आणि साचा ‘वाळला’ असे समजायचे. तो हाताला कोरडा लागतो, आणि तिथेच फसगत होते. घट्ट झालेले प्लास्टर म्हणजे जिप्सम, आणि जिप्समच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा पाणीच असते. ते ओलावा म्हणून छिद्रांत साठलेले नसते तर स्फटिकात बांधलेले असते. हे पाणी 100 अंशांच्या वर सुटू लागते. त्यावर 175 अंशांचा माल पडला की पृष्ठभागावरचे पाणी वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की त्याचे आकारमान सुमारे सतराशे पट होते. कातडीवरचे ते खड्डे म्हणजे या वाफेची वाट. डोकऱ्याचा साचा या अडचणीतून वाचतो, कारण तो भट्टीत भाजलेला असतो. मातीतले बांधलेले पाणीसुद्धा त्या आचेत निघून गेलेले असते. प्लास्टरचा साचा असा भाजता येत नाही, भाजला तर तो भुसभुशीत होऊन ढासळतो. म्हणून उपाय दुसरा: छिद्रांतला ओलावा मंद आचेवर दीर्घकाळ वाळवायचा आणि मग पृष्ठभागावर पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदाचे किंवा इपॉक्सीचे दोन-तीन हात देऊन तो बंद करायचा. तरीही दहा-वीस ओतण्यांनंतर लेप उचलतो आणि खड्डे परत येतात. मग दोष मालाच्या माथी मारला जातो, कारण ‘कालपर्यंत हाच साचा ठीक होता’. सिलिकॉनच्या साच्याला ही भानगड नाही, ॲल्युमिनियमच्याही नाही. मात्र ॲल्युमिनियमची स्वतःची एक खोड आहे.

ही खोड नगाच्या क्रमातून समोर येते. ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने ओढून घेते. गार साच्यात ओतलेला पहिला माल भिंतीला लागताच गोठू लागतो, पातळ शेपटीपर्यंत पोचतच नाही, किंवा दोन बाजूंनी आलेला माल भेटतो तेव्हा एकजीव होत नाही आणि मध्ये बारीक रेघ राहते. ओढले की नग नेमका त्या रेघेवर तुटतो. दुसरा नग जरा बरा, तिसरा-चौथा चांगला. असा क्रम दिसला की माल तापवण्याची गरज नाही, साचा तापवण्याची आहे. आदिलाबादच्या हिवाळ्यात पहाटे पारा एक आकडी अंशांवर उतरतो. त्या गारठ्यात अंगणात ठेवलेला धातूचा साचा आणि मे महिन्यातल्या दुपारी त्याच अंगणात ठेवलेला साचा ही दोन वेगळी अवजारे आहेत. तरी लोक दोन्ही वेळा मालाचेच तापमान मोजतात. मोजण्यातही खोट असते. दुरून नेम धरून वाचण्याचा इन्फ्रारेड तापमापक फक्त वरच्या थराचे तापमान सांगतो, आणि मायक्रोवेव्हमध्ये माल एकसारखा तापत नाही. वर 150 दिसते तेव्हा मधोमध एखादा भाग 200 च्या पुढे असू शकतो. म्हणून मोजण्याआधी सावकाश ढवळायचे, आणि इथे ‘सावकाश’ या शब्दावर जोर द्यायचा, नाहीतर पुन्हा हवा.

क्रम उलटा असेल तर गोष्टही उलटी असते. पहिले नग उत्तम आणि शेवटचे खराब निघाले, तर बहुधा कपातला माल थंड होत गेला, तो परत परत तापवला गेला आणि दर वेळी त्यातला स्थिरक थोडा खर्ची पडला. स्थिरक म्हणजे सुटणाऱ्या आम्लाला पकडून ठेवणारे रसायन; ते संपले की पिवळेपणा एकदम वेग घेतो. किंवा साचा जास्त तापला आणि नग पुरता गोठायच्या आत काढला गेला. असे नग पहिल्या तासात सरळ दिसतात आणि दुसऱ्या दिवशी वाकडे. त्यांना काढल्याबरोबर सपाट ताटातल्या गार पाण्यात सोडले की ते सरळ राहतात. वजन वाढवण्यासाठी मीठ घातले असेल तर क्रम आणखी एक गोष्ट सांगतो: कपातले मीठ खाली बसत जाते, पहिले नग हलके, शेवटचे जड आणि धुरकट. घरातले मीठ पावसाळ्यात ओलावा धरते हे वेगळे सांगायला नको. तसले मीठ तापल्या मालात पडले की बुडबुड्यांचा आणखी एक स्रोत तयार होतो.

खळग्यांची बाब थोडक्यात उरकता येते. पाठीवर, जिथून माल आत सोडला त्या तोंडाजवळ खळगा आला तर तो आकसण्याचा आहे. साच्याच्या तोंडात थोडा जादा माल उभा ठेवायचा, म्हणजे आतला भाग आकसताना वरून भरपाई मिळेल; पिचकारीने भरत असाल तर माल गोठेपर्यंत दाब काढायचा नाही. पितळ ओतणारेही तोंडाशी जादा धातू ठेवतात, तो याच कामासाठी. सांध्यावर पातळ पापुद्रा फुटत असेल तर साच्याचे दोन भाग घट्ट बसलेले नाहीत, आणि त्यात शोधण्यासारखे काही नाही.

आता आक्षेप. सगळ्यात वारंवार ऐकू येणारा म्हणजे, स्वस्त प्लास्टिसॉल घेतले की असेच होणार. माल खराब असू शकतो: जुना, नीट न हलवलेला, उघडा राहून ओलावा शोषलेला. पण तसे म्हणण्याआधी एक साधी कसोटी करता येते. त्याच कपातला थोडा माल सिलिकॉनच्या कोरड्या, उथळ, उघड्या तबकात सोडा. त्या चकतीत बुडबुडे, पिवळेपणा किंवा चिकटपणा आला तर दोष मालाचा किंवा तापवण्याचा. चकती स्वच्छ निघाली आणि साच्यातला नग बिघडला, तर माल निर्दोष ठरला, पुढे त्याला शिव्या देण्यात हशील नाही. एका चमचाभर मालात अर्धी कारणे वगळली जातात. महागडी बाटली मागवून तेच कळते, पण आठवड्याने आणि पैसे मोजून. शिवाय नव्या बाटलीबरोबर लोक रंग, साचा आणि तापमान सगळेच एकदम बदलतात, त्यामुळे सुधारणा झाली तरी कशाने झाली ते कधीच कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अनुभवी हाताला हे सगळे न मोजता कळते. उशेगावचा कारागीर तापमापक घेऊन बसत नाही, मग घरगुती ओतकामाला प्रयोगशाळेचे सोंग कशाला? अनुभवाचे मोल मी कमी लेखत नाही. पण तो कारागीर न मोजता काम करतो याचा अर्थ तो अंदाजाने करतो असा होत नाही. ज्वाळेचा रंग, धातूवरची चमक, सुकलेल्या मातीचा स्पर्श ही त्याची मापेच आहेत, पिढ्यांनी पारखलेली, आणि त्यांच्यामागे साच्याच्या तयारीत घातलेला वेळ आहे. हौशी माणसाकडे ना त्या पिढ्या आहेत ना तेवढा वेळ. त्याच्याकडे रविवारची दुपार आहे. त्याने कारागिराचा आत्मविश्वास उसना घेण्यापेक्षा त्याचा क्रम घ्यावा: साचा आधी, माल मग, ओतणे शेवटी. आणि नग ओळीने मांडून एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

तिसरा आक्षेप मासेमारांचा असतो आणि तो मला बराचसा पटतो: मरळीला बुडबुडा दिसत नाही. खरे आहे. पोटावरचा खळगा, पिवळट झाक, सांध्यावरचा पापुद्रा यांचा माशाच्या भुकेशी संबंध नसतो. त्यांच्यासाठी चांगला नग फेकून देणे ही फुकटची सोवळेगिरी आहे. पण काही दोष माशालाही कळतात, आणि तेही जागेवरूनच ठरते. रुंद शेपटीच्या माशात हालचाल शेपटीच्या मानेतून, म्हणजे सगळ्यात पातळ भागातून येते. तिथे बुडबुडा असला की शेपूट एका बाजूला लटपटते किंवा पहिल्या झडपेतच गळून पडते. एका कुशीत मोठी पोकळी असली की आमिष पाण्यात कलंडते, कारण ती बाजू हलकी होते. नीट एकजीव न झालेला नग गळावर टिकतच नाही. म्हणजे वेळ कुठल्या दोषावर घालवायचा हेही त्याच्या जागेवरूनच ठरते, आणि शेपटीची हवा काढण्यापुढे पाठीचे सौंदर्य दुय्यम आहे.

शेवटचा आक्षेप ओतकामाच्या पलीकडचा आहे आणि त्याला पूर्ण उत्तर नाही. हे प्लास्टिक पाण्यात कुजत नाही, त्यातले तेल हळूहळू बाहेर झिरपते, आणि फाटून तळाशी पडलेले आमिष मासे गिळतात. जुन्या प्लास्टिसायझरांपैकी काही थॅलेट रसायनांवर युरोपात निर्बंध आले आहेत. थॅलेट नसलेले माल मिळतात, ते घ्यावेत. फाटलेले तुकडे पाण्यात न टाकता खिशात घालावेत. तापवण्याचे काम स्वयंपाकघराबाहेर, मोकळ्या हवेत, जेवणाच्या मायक्रोवेव्हपासून वेगळ्या भांड्यात आणि डोळ्यांवर चष्मा लावून करावे, कारण 175 अंशांच्या मालात पाण्याचा एक थेंब पडला तरी तो उसळून अंगावर येतो. दोषपूर्ण नगांचा मात्र कचरा करायचे कारण नाही. प्लास्टिसॉल पुन्हा वितळते. गार पाण्यात सोडलेले नग आधी पूर्ण कोरडे करायचे, बारीक चिरायचे, नव्या मालात थोडे थोडे मिसळायचे. सगळा जुना माल एकदम वितळवला तर स्थिरक संपलेला असल्याने तो लवकर पिवळा पडतो. चमकीचे तुकडे वेगळे ठेवावेत, कारण जास्त आच न सोसणारी चमकी दुसऱ्यांदा तापली की तिचा रंग मालात उतरतो. आणि जो माल पिवळा पडलाच आहे त्यात काळा रंग घालून बेडूक ओतावेत. खालून वर पाहणाऱ्या मरळीला उजळ आभाळावर त्यांची सावलीच तेवढी दिसते.